शिवराईवरची अक्षरं ‘उठवून’ घ्यावीत का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आजोबांच्या पत्र्याच्या डब्यात २३ शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, निघाल्या. त्यातल्या एकीवर फिकट हिरवी भुकटी धरते, पुसली तरी आठवड्याभरात पुन्हा येते. दुसरी चांगली जाडजूड आहे, पण तिच्यावर ‘राजा’ आणि त्याखाली अर्धवट ‘शि’ किंवा ‘सि’ एवढंच वाचता येतं. एक व्यापारी म्हणाला, दोन्ही द्या, साफ करतो, अक्षरं उठवून देतो, वर रंग चढवतो, किंमत चौपट होईल, बाजारात सगळेच करतात. त्यातल्या दोन-तीन तुम्हाला अमेरिकेतल्या भावाला द्यायच्या आहेत, काही विकायच्याही आहेत. आणि शेवटी तुम्ही विचारलंय: नाणं माझं, पैसे माझे, मग यात चूक काय?

मी २८ वर्षं तांब्याची नाणी जमवतो आहे. त्यातली सोळा-सतरा वर्षं दुसऱ्यांची बिघडलेली नाणी हाताळून, जमेल तेवढी सावरूनही देतो. म्हणजे नाण्याला हात लावूच नये असं मानणाऱ्यांतला मी नाही. रोज हात लावतो. म्हणूनच कुठे लावायचा नाही हे जरा सविस्तर सांगावंसं वाटतं.

तुमच्या प्रश्नात दोन नाणी आहेत आणि दोघांची दुखणी वेगळी आहेत. एक नाणं आजारी आहे, दुसरं नुसतं म्हातारं आहे. व्यापारी दोघांनाही एकच इलाज सांगतो आहे, आणि मला पहिल्यांदा खटकलं ते तिथेच. आजारी नाण्यासाठी काही केलं नाही तर ते मरेल. म्हाताऱ्या नाण्यासाठी काही न करणं हाच बहुतेक वेळा योग्य उपाय असतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधी मान्य करतो. नाणी मी पाहिलेली नाहीत. ती पिढ्यान्‌पिढ्या घरातच होती की कधीकाळी शेतात नांगराला लागली, यानेही बराच फरक पडतो: इलाजात पडतो आणि कायद्यातही. नाणं घरात राहणार की विकलं जाणार, यानेही पडतो. पण तुमचा मुख्य प्रश्न या सगळ्यावर फारसा अवलंबून नाही.

आधी आजारी नाणं, कारण तिथे वेळ घालवून चालत नाही.

तांब्यावर हिरवं दिसलं की आपल्याकडे हात चिंचेकडे जातो. घरातली संस्कारांची गोष्ट आहे ती. तांब्या-पितळेचं भांडं कळकलं तर त्यातलं ताक फेकून देतात, ताम्हन लखलखीत नसेल तर पूजेला घेत नाहीत. भांड्याच्या बाबतीत हे शहाणपण आहे. नाण्याच्या बाबतीत मात्र हिरवा रंग एकाच जातीचा नसतो, आणि तो ओळखल्याशिवाय काहीही करू नये.

गडद, गुळगुळीत, नखाने निघत नाही असा हिरवा थर असेल तर ते बहुतेक मॅलेकाइट असतं, म्हणजे तांब्याचं कार्बोनेट. ते स्थिर असतं. त्याने नाण्याचं काही बिघडत नाही, उलट झाकण मिळतं. तो काढायचा नाही. दुसरा हिरवा चिकट, तेलकट असतो. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांत बरीच वर्षं नाणी ठेवली की पीव्हीसीतली द्रव्यं सुटतात आणि तांब्यावर बसतात. त्यावर शुद्ध अ‍ॅसिटोन पुरतं. नेलपॉलिश काढायचं नव्हे, त्यात इतर भानगडी मिसळलेल्या असतात. नाणं त्यात बुडवावं, घासू नये, खिडकी उघडी ठेवावी आणि जवळपास गॅस पेटलेला नसावा.

तिसरा हिरवा तुमच्याकडे आहे असं वर्णनावरून वाटतं. फिकट, भुसभुशीत, पावडरीसारखा, खाली बारीक खड्डे, आणि पुसला तरी परत येणारा. याला ‘ब्राँझ डिसीज’ म्हणतात, पण तो शुद्ध तांब्यालाही होतो. खाऱ्या मातीतून, समुद्राच्या हवेतून, घामट हातांतून क्लोराइड तांब्यात शिरून बसतं आणि क्युप्रस क्लोराइड तयार होतं. दमट हवा लागली की त्याची हिरवी भुकटी होते आणि त्या क्रियेत थोडं हायड्रोक्लोरिक आम्लही सुटतं. ते आम्ल शेजारचं तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड, पुन्हा भुकटी. नाणं आतून पोखरत जातं. कोरड्या उन्हाळ्यात ते गप्प असतं, जूनमध्ये जागं होतं. म्हणून लोकांना वाटतं की गेल्या वर्षी बरं झालं होतं.

खात्री करायची असेल तर झाकणाच्या डबीत ओला कापूस ठेवा, नाणं त्याला टेकणार नाही असं उंचावर ठेवा, झाकण लावून एक-दोन दिवस थांबा. ताजे, उजळ हिरवे ठिपके उमटले तर आजार चालू आहे. ही चाचणी एकदाच करायची, कारण तीही नाण्याला थोडी खातेच.

इलाज असा: आधी भुकटी लाकडी काडीने किंवा गुलाबाच्या काट्याने भिंगाखाली हळूहळू काढायची. गुलाबाचा काटा तांब्यापेक्षा मऊ असतो, चरे पडत नाहीत. मग ऊर्ध्वपातित पाण्यात नाणं ठेवायचं, पाणी बदलत राहायचं. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. एवढ्याने भागलं नाही तर सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या पातळ द्रावणात आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने ठेवावं लागतं. त्यापुढे बेंझोट्रायाझोल आहे. ते तांब्याशी बांधलं जाऊन हवेला अटकाव करतं, पण ते अंगाला चांगलं नाही. हातमोजे, हवेशीर जागा आणि माहितगार माणूस असल्याशिवाय घरी करू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कलासंवर्धन केंद्र आहे. एखादं नाणं खरोखर मोलाचं असेल तर अशा ठिकाणी विचारायला संकोच करू नये.

यात एक गोष्ट मी लपवणार नाही. सेस्क्विकार्बोनेटने नाण्याचा रंग थोडा बदलू शकतो. म्हणजे इथेही नाण्यात बदल होतोच आहे. मग हा चालतो आणि व्यापाऱ्याचा चालत नाही, असं का? कारण हा बदल नाणं टिकावं म्हणून आहे. त्याने नाण्यावर एक अक्षर वाढत नाही आणि पुसलंही जात नाही. शिवाय केलेलं सगळं मी कागदावर लिहून नाण्यासोबत देतो.

चिंच, लिंबू, दही, व्हिनेगर यांतलं काहीही वापरू नका. हे मी ऐकीव सांगत नाही. एकोणीस वर्षांचा असताना आत्याच्या देव्हाऱ्यातली शिवराई मला मिळाली. काळपट तपकिरी, त्यावर कुंकवाचा जुना थर, पण ‘छत्रपति’ स्वच्छ वाचता येत होतं. मी ती चिंच आणि मिठाने घासली. दहा मिनिटांत गुलाबी, चकचकीत नाणं हातात आलं, आणि ‘छत्र’ जवळजवळ नाहीसं झालं होतं. असं का होतं हे मला फार उशिरा कळलं. जुन्या तांब्यावर आतल्या बाजूला क्युप्राइटचा, म्हणजे तांब्याच्या ऑक्साइडचा, लालसर थर असतो, त्यावर बाकीचे थर. शेदोनशे वर्षांत धातूचं थरात रूपांतर होत असताना ठशाचा मूळ पृष्ठभाग कित्येकदा त्या थरातच टिकून राहतो. खालच्या धातूत तो उरलेलाच नसतो. थर विरघळवला की अक्षर पाण्याबरोबर मोरीत जातं. आणि मीठ म्हणजे तर क्लोराइडच. जो आजार नव्हता तो मी हाताने आत घातला. तीन पावसाळ्यांत तिच्यावर खड्डे पडले. ती शिवराई अजून माझ्याकडे आहे. आत्या गेली, तिने ती तिच्या सासूकडून घेतली होती.

आता दुसरं नाणं.

‘अक्षरं उठवणं’ म्हणजे काय हे त्या व्यापाऱ्याने तुम्हाला कदाचित नीट सांगितलं नसेल. झिजलेलं अक्षर औषधाने वर येत नाही. पोलादी कोरणीने अक्षराच्या भोवतालचं तांबं खरवडून काढतात, म्हणजे अक्षर उंच भासतं. जिथे काहीच नाही तिथे अंदाजाने रेघ कोरतात. मग उघडं पडलेलं गुलाबी तांबं गंधकाच्या संयुगाने काळं करतात, वर थोडं मेण. काम चांगलं असेल तर साध्या डोळ्यांना कळत नाही.

शिवराईच्या बाबतीत तर यात एक मूलभूत घोटाळा आहे. १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. महाराजांच्या शिवराईवर एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’. भोवती ठिपक्यांची कड. पुढे छत्रपतींच्या नावाने ही नाणी दीडशे वर्षांच्या आसपास पडत राहिली, पेशवाईत अनेक टांकसाळींतून. नंतरच्या काळातल्या पुष्कळ शिवरायांत ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान असायची. चकती ठशाखाली थोडी सरकली की काही अक्षरं तांब्याबाहेरच पडायची. म्हणजे तुमच्या नाण्यावर ‘श्री’ दिसत नाही, ते झिजलंय म्हणून असेलच असं नाही. ते त्या नाण्यावर कधी उमटलंच नसेल. व्यापारी जे ‘परत आणून’ देणार आहे ते तिथे कधी नव्हतंच, तर तो परत काय आणणार?

आणि तुमचं ते अर्धवट ‘शि’ किंवा ‘सि’. तुम्हाला ते नाण्यातलं व्यंग वाटतं आहे. माझ्यासारख्याला तुमच्या डब्यातली सगळ्यात रोचक गोष्ट तीच वाटते. शिवरायांवर ‘शिव’ आहे, ‘सिव’ आहे, वेलांटी ऱ्हस्व-दीर्घ आहे, ‘पति’ आहे, ‘पती’ आहे. पेशवेकाळातल्या ‘दुदांडी’ शिवरायांवर ओळींच्या मध्ये दोन आडव्या रेघा आहेत. काहींवर लहानसहान चिन्हं आहेत. ठसे कोरणारे कारागीर कोण होते, कोणत्या टांकसाळीचं काम कुठलं, आधीचं कोणतं आणि नंतरचं कोणतं, हे ठरवायला अभ्यासकांच्या हाती बहुतेक वेळा एवढेच धागे असतात. शेकडो नाणी शेजारी शेजारी ठेवून वेलांट्या जुळवतात ते. कोणीतरी एका ‘सि’चा ‘शि’ केला, एका दुदांडीच्या रेघा खरवडून तिला ‘महाराजांच्या काळातली’ बनवलं, की त्या रांगेत एक खोटा साक्षीदार येऊन बसतो. तो कागदावरचा शिक्का नाही की पुढे कोणीतरी खोडेल. तांब्यात कोरलेलं आहे, ते दोनशे वर्षं टिकेल आणि दोनशे वर्षं खोटंच सांगत राहील.

म्हणून ‘नाणं माझं आहे’ याला माझं उत्तर असं: हो, आहे. ते वितळवून त्याची घंटा केलीत तरी कदाचित मी फक्त हळहळेन. पण कोरलेलं नाणं तुमच्याकडे राहणार नाही. ते विकलं जाईल, किंवा तुमच्या मुलीकडे जाईल, तिच्याकडून आणखी कुणाकडे. त्या माणसाचं तुमच्याशी कधी बोलणं होणार नाही. त्याच्यासमोर बोलेल ते फक्त नाणं. त्याच्या तोंडी आपण आपले शब्द घालायचे का, एवढाच प्रश्न आहे.

हा प्रश्न मला पुस्तकातून कळला असता तर बरं झालं असतं. अकराएक वर्षांपूर्वी एका वयस्कर संग्राहकांनी भोक पडलेली एक सुंदर शिवराई आणली. कपाटात ठेवायची आहे, ते भोक डोळ्यांत खुपतं, एवढं बुजवून द्या म्हणाले. मी तांब्याचं इवलंसं बूच बसवलं. मधून ‘जा’चा काना जात होता, तो वरून जुळवला. रंग मिळवला. ते खूश झाले आणि मला अभिमान वाटला. दोन वर्षांनी ते वारले, घरच्यांनी संग्रह विकला. त्यानंतर एक तरुण शिक्षक एक शिवराई ‘बघून द्या’ म्हणून घेऊन आला. अखंड नाण्याची पूर्ण किंमत त्याने मोजली होती, कित्येक महिने पैसे साठवून. भिंगाखाली मला माझंच बूच दिसलं. मी त्याला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. फरकाचे पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत. मूळ संग्राहकांनी फसवलं नव्हतं, घरच्यांना माहीत नव्हतं, मधल्या विक्रेत्यालाही बहुधा नव्हतं. एकही माणूस खोटं बोलला नव्हता आणि तरी त्या मुलाची फसवणूक झाली होती. ती माझ्या हाताने झाली होती.

तेव्हापासून मी भोक बुजवलंच तर राळेने बुजवतो, अ‍ॅसिटोनमध्ये विरघळेल अशा. पॅरालॉइड बी-७२ त्यासाठी चांगलं. रंग नाण्यापेक्षा मुद्दाम एक छटा फिका ठेवतो. हातभर अंतरावरून दिसणार नाही, जवळ धरलं की लगेच कळेल. त्यावर अक्षराची रेघ ओढत नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. जुन्या वास्तूंच्या जीर्णोद्धारासाठी १९६४ साली व्हेनिसमध्ये जी सनद झाली तिच्यात एक सूत्र आहे: जिथून अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धाराने थांबावं. वाड्याच्या कमानीला जे लागू तेच तोळाभर वजनाच्या तांब्याला लागू, असं मी मानतो.

खरं म्हणजे भोकाबद्दलही माझं मत आता बदललं आहे. शिवराईला भोक बऱ्याचदा कोणीतरी गळ्यात घालण्यासाठी पाडलेलं असतं. लेकराच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात. ते बुजवलं म्हणजे नाण्याच्या आयुष्यातला एक काळ पुसला. देव्हाऱ्यात पूजा होऊन होऊन गुळगुळीत झालेली शिवराई बाजारात ‘झिजकी’ म्हणून स्वस्त जाते, पण ती झीज रोजच्या बोटांची आहे.

मग नाण्यात झालेला प्रत्येक बदल वाईटच का? नाही, आणि याचं सर्वात मोठं उदाहरण आपल्याच भागातलं आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या १३ हजारांहून जास्त नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. नहपानाचा चेहरा त्याखाली दबलेला दिसतो. मुद्दाम केलेलाच बदल तो, पण राजाने, उघडपणे, चालत्या नाण्यावर, ‘आता हा मुलूख माझा’ हे सांगायला केलेला. कुणाला फसवायला नव्हे. सातवाहनांनी नहपानाला हरवलं याचा तो धातूतला पुरावा झाला. उद्या कोणी ‘मूळ नाणं परत आणू’ म्हणून वरचा ठसा घासून नहपान उजळवला तर ती दुरुस्ती म्हणायची का? बदल कधी झाला, कोणी केला, आणि तो बघणाऱ्याला बदल म्हणून दिसतो की लपतो, हे मी विचारतो.

‘सगळेच करतात’ हेही तपासून पाहा. रोमन साम्राज्याच्या मोठ्या सेस्टर्शियस नाण्यांवर युरोपातल्या कारागिरांनी काही शतकांपूर्वी भरपूर कोरणी चालवली. सम्राटांचे केस, दाढ्या नव्याने कोरल्या. आज चांगल्या लिलावांत अशा नाण्यापुढे ‘कोरलेलं’ असं छापावं लागतं आणि किंमत पडते. अमेरिकेत एका सेंटच्या नाण्यांवर तर या कलेची हद्द झाली. १९१४ सालचा डेन्व्हर टांकसाळीचा सेंट दुर्मीळ, १९४४चा ढिगाने मिळतो. म्हणून ४४ मधला पहिला चार तासून त्याचा एक करायचा. कारागिरी उत्तम, पण १९१८पासून लिंकनच्या खांद्यावर शिल्पकाराची आद्याक्षरं पुन्हा आली होती. ती १९४४च्या नाण्यावर आहेत, १९१४च्या खऱ्या नाण्यावर नाहीत. लोक पकडायला शिकले. तिथल्या प्रमाणपत्र देणाऱ्या कंपन्या कोरलेल्या, घासलेल्या, रंगवलेल्या तांब्याला साधा दर्जा (ग्रेड) देतच नाहीत, दोष लिहून वेगळं काढतात. आपल्याकडच्या लिलावांतही त्या कंपन्यांच्या सीलबंद डब्यांतली नाणी दिसू लागली आहेत. म्हणजे तुमचा व्यापारी जी चौपट किंमत सांगतो ती भिंग नसलेल्या गिऱ्हाइकाकडून मिळणारी आहे. त्या गिऱ्हाइकांत उद्या तो शिक्षक असेल.

रंग चढवण्याबद्दल थोडं वेगळं बोलतो, कारण इथे जाणकारांतही एकमत नाही. कोणीतरी आधीच घासून गुलाबी केलेल्या नाण्याला गंधकाने पुन्हा तपकिरी करणं काही अनुभवी संग्राहकांना गैर वाटत नाही. त्यांचं म्हणणं असं की मूळ रंग गेलाच आहे, निदान डोळ्यांना त्रास नको. मला ते पटत नाही. घासलेपणा हाच त्या नाण्याबद्दलचा खरा आणि महत्त्वाचा तपशील आहे, आणि रंग तो झाकतो. शिवाय थांबायची तयारी असेल तर गरजही नसते. घासलेलं तांबं लाकडी कपाटात, कोरड्या हवेत आपोआप मंद होत जातं. काही वर्षं लागतात. माझी आत्याची शिवराई आता बरीच शांत दिसते. पण ज्याने रंग दिला आणि तसं लिहून दिलं, त्याच्याशी मी वाद घालणार नाही. न लिहिणाऱ्याशी घालेन.

माती काढणं, सैल किटण काट्याने काढणं, अ‍ॅसिटोनने चिकटपणा काढणं, मेणाचा पातळ हात देणं, हे सगळं मी निःसंकोच करतो. मेण काढता येतं, माती नाण्याची नव्हे. ‘पृष्ठभाग गुळगुळीत करणं’ म्हणजे खड्डे घासून सपाट करणं मात्र मी करत नाही. ते कोरण्याचंच सौम्य नाव आहे.

कायद्याचंही दोन ओळींत. १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याखाली पुरावस्तू ठरतं, आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा अमेरिकेतल्या भावाला शिवराई पाठवण्याचा विचार सोडा. तो सुट्टीला आला की त्याला इथेच हातात घेऊ द्या. आणि डब्यातली काही नाणी शेतात सापडलेली असतील, तर जमिनीत सापडलेल्या धनाचा १८७८चा कायदा जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला सांगतो. आजोबांनी कधी काही सांगितल्याचं घरात कुणाला आठवतं का, ते विचारून ठेवा. ती माहिती कायद्यासाठी जेवढी लागते त्याहून जास्त नाण्यासाठी लागते. कुठल्या गावची, कुणाकडून आली, हे कळलं नाही तर अर्धं नाणं गेलं.

आता करायचं काय. व्यापाऱ्याला दोन्ही नाणी देऊ नका. त्याच्याशी भांडायचीही गरज नाही. ‘आहे तशीच ठेवतो’ एवढं पुरे. २३ नाण्यांचे फोटो काढा, दोन्ही बाजूंचे. दिवा बाजूने तिरका धरा, वरून नको. तिरक्या उजेडात झिजलेलं अक्षरही सावलीने उठतं. अक्षरं अशी उठवली तर कुणाची हरकत नाही. प्रत्येकीचं वजन सोनाराच्या काट्यावर करून घ्या. महाराजांच्या काळच्या शिवराया साधारण ११ ते १३ ग्रॅम भरतात, नंतरच्या पुष्कळशा हलक्या आहेत, त्यामुळे जाड नाण्याचं वजन बरंच काही सांगेल. प्रत्येकीसाठी आम्लरहित कागदाची छोटी पाकिटं घ्या, प्लॅस्टिकची नकोत, आणि चिठ्ठीवर लिहा: आजोबांचं नाव, गाव, डब्यात सापडल्याची तारीख, वजन, आणि आजवर केलेलं सगळं, अगदी ‘फडक्याने पुसलं’ हेसुद्धा. ओळख पटवायला अडचण आली तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथले लोक या विषयातले आहेत.

भुकटीवाली शिवराई आज रात्रीच बाकीच्यांतून वेगळी काढा. हा काही जंतूंचा आजार नाही, एकीचा दुसरीला लागत नाही, पण ज्या दमटपणाने ती बिघडली तोच दमटपणा त्या डब्यात सगळ्यांच्या वाट्याला आला आहे. काचेची घट्ट झाकणाची बरणी, तळाशी सिलिका जेल, वर नाणं. आतली आर्द्रता चाळीस टक्क्यांखाली राहायला हवी. दोनशे रुपयांचा छोटा आर्द्रतामापक मिळतो तो आत टाका. जेलचा रंग बदलला की जेल तापवून पुन्हा वापरा. पावसाळ्यात दर आठवड्याला बघा. पत्र्याचा डबा मात्र फेकू नका, चिठ्ठीसकट जपा.

फोटो आणि वजनं झाली की इथेच टाका. ते ‘शि’ आहे की ‘सि’, हे मलाही बघायचं आहे.